गटाराला पण इलेक्शन?

२३ ऑक्टोबर २०२३, सोमवार. डेट्रॉइटच्या इमिग्रेशन कार्यालयात मला साडेनऊची वेळ होती आणि मी पावणेनऊलाच जाऊन बसले होते. मांडीवर फाइल. फाइलमध्ये पाच वर्षांचे टॅक्सचे कागद, लग्नाचा दाखला, तीन जुने पासपोर्ट, आणि कुणी मागणार नव्हतं तरी घेतलेली दहावीची सनद. आत जाण्याआधी मोबाइल बंद करायचा होता. बंद करता करता एवढंच पाहून घेतलं, की स्पीकर निवडला गेला का? नव्हता.

नागरिकत्वाच्या परीक्षेत तेव्हा शंभर प्रश्नांची ठरलेली यादी असायची. त्यातले जास्तीत जास्त दहा तोंडी विचारायचे, सहा बरोबर आले की पास. (आता ही परीक्षा बदलली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, वीस विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. मी सुटले.) यादीतला एक प्रश्न असा होता: प्रतिनिधिगृहाच्या सध्याच्या स्पीकरचं नाव काय? मी पाठांतर सुरू केलं तेव्हा उत्तर होतं केविन मॅकार्थी. ३ ऑक्टोबरला सभागृहानं त्यांना २१६ विरुद्ध २१० मतांनी काढून टाकलं, त्यांच्याच पक्षाचे आठ जण फुटले म्हणून. स्पीकरला असं मतदानानं घालवण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. त्यानंतर वीस दिवस झाले तरी खुर्ची रिकामीच. देशभरात त्या दिवसांत जे कुणी परीक्षेला बसले असतील, त्या सगळ्यांच्या पोटात माझ्यासारखाच गोळा आला असणार.

सांगलीला आप्पांना फोनवर हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे सरकार पडलं म्हण की."

"नाही आप्पा, सरकार आहे तसंच आहे."

"सभागृहाचा अध्यक्ष त्यांच्याच लोकांनी पाडला, आणि सरकार आहे तसंच? आणि ते जे आठ जण फुटले, ते अपात्र?"

"तेही आहेत तिथंच. इथं व्हिप मोडला म्हणून कुणाची आमदारकी-खासदारकी जात नाही."

पलीकडं थोडा वेळ शांतता. माझे वडील निवृत्त ग्रामसेवक आहेत. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत किती निवडणुकांची ड्यूटी केली याची मोजदाद त्यांच्याकडंही नाही. २०२२ साली महाराष्ट्रात जे काय झालं ते त्यांनी टीव्हीसमोर बसून, हातात वही घेऊन पाहिलं होतं. पक्षांतरबंदी कायदाच नाही अशी लोकशाही त्यांना दरवाजाशिवायच्या घरासारखी वाटली असावी. "चोर शिरत न्हाईत का?" एवढंच म्हणाले.

मी २००६ साली नवऱ्याच्या मागून इकडं आले. ग्रीन कार्ड मिळायला २०१८ उजाडलं. भारतीयांच्या रांगेची लांबी ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ग्रीन कार्डाला पाच वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तसा मी तो २०२२ च्या डिसेंबरात केला. तेव्हाची फी बोटांच्या ठशांसकट ७२५ डॉलर. एन-४०० नावाचा वीस पानी फॉर्म. पाच वर्षांत देशाबाहेर किती वेळा गेलात, कुठल्या तारखेला गेलात, कुठल्या तारखेला आलात? आईच्या आजारपणात वर्षात दोनदा सांगलीला गेले होते, त्या तारखा विमानाच्या जुन्या ईमेलांमधून शोधून काढताना दोन संध्याकाळी गेल्या. मग प्रश्न येतात ते असे: तुम्ही कधी अट्टल दारुडे होता का? कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता का? १९३३ ते १९४५ या काळात नाझी सरकारशी तुमचा संबंध होता का? माझा जन्म १९७९ चा. तरी गुमान "नाही"वर खूण करायची. आणखी एक प्रश्न मात्र गमतीचा नाही: नागरिक नसताना इथल्या एखाद्या निवडणुकीत मत दिलं आहे का, मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का? लायसन्सच्या खिडकीवर चुकून मतदार नोंदणीच्या चौकटीत सही केलेल्या माणसांची प्रकरणं वर्षानुवर्षं लटकलेली ऐकली होती, म्हणून मी त्या चौकटीपासून कायम चार हात लांब राहिले होते.

शंभर प्रश्न माझ्याकडून घोकून घेतले ते लेकीनं. ती तेव्हा पाचवीत होती. जन्मानं नागरिक असल्यामुळं तिला ही परीक्षा कधीच द्यावी लागणार नाही, आणि त्याचा तोरा तिनं पुरेपूर मिरवला. रात्री भांडी घासताना ती ओट्यावर बसून विचारायची. सिनेटर किती? शंभर. प्रतिनिधी किती? ४३५. सिनेटर किती वर्षांसाठी? सहा. प्रतिनिधी? दोन. संविधानात किती दुरुस्त्या? २७. हे सोपं होतं. पाढे पाठ केलेल्या पिढीला शंभर उत्तरं म्हणजे काय!

अडले मी ते अर्थापाशी. आपल्याकडं "सरकार" म्हटलं की एकच काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मंत्रालयात बसलेलं, नाहीतर दिल्लीत बसलेलं. निवडून आलेल्यांतूनच मंत्री होतात, सभागृहात ज्याचं बहुमत त्याचंच सरकार, ते गेलं की सरकार गेलं. इथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक वेगळी, संसदेची वेगळी. राष्ट्राध्यक्ष सभागृहात बसत नाही. त्याचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, सदस्य असूच शकत नाहीत. एखाद्या सिनेटरला मंत्री व्हायचं असेल तर आधी सिनेटचा राजीनामा. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, हे इथं नेहमीचंच. त्यानं विधेयक नाकारलं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं गोळा करून ते पुन्हा मंजूर करता येतं. त्यानं न्यायाधीश नेमायचा म्हटला तर सिनेटनं होकार द्यायला हवा. आणि नेमलेला न्यायाधीश एकदा बसला की त्याच राष्ट्राध्यक्षाचा हुकूम रद्द करू शकतो.

सांगताना हे छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते त्याच सप्टेंबरात दिसलं. पैशांचं विधेयक वेळेत मंजूर झालं नाही तर ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री सरकारी कचेऱ्या बंद पडणार होत्या. मॅकार्थींनी शेवटच्या दिवशी विरोधी पक्षाची मतं घेऊन ४५ दिवसांची मुदतवाढ मंजूर करून घेतली. कचेऱ्या वाचल्या, पण विरोधकांची मदत घेतली हा राग डोक्यात ठेवून त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी तीन दिवसांनी त्यांना घालवलं. आणि हा स्पीकर आपल्या विधानसभा अध्यक्षासारखा पंच नसतो, बहुमतवाल्या पक्षाचा म्होरक्याच असतो. उपराष्ट्राध्यक्षानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या रांगेत त्याचाच नंबर. तर असा माणूस नसताना कायदे ठप्प, आणि व्हाइट हाउस मात्र सुरळीत.

आप्पांना हे पटवताना माझीच परीक्षा व्हायची. शेवटी त्यांनीच एक दिवस फोन केला. कपाटातून संविधान सभेतल्या भाषणांचं पुस्तक काढलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी मसुदा मांडताना नेमकं याच्यावर बोलून ठेवलं आहे, म्हणाले. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त आणि स्थैर्य कमी. आपण जबाबदारी निवडली. तिकडं हिशेब ठरलेल्या मुदतीनं, इकडं मुदतीनंही आणि रोजच्या रोजही, प्रश्न विचारून, अविश्वास ठराव आणून. हे लिहिणारा माणूस कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, तिथली व्यवस्था जवळून पाहिलेला, हे आप्पांनी मला दोनदा सांगितलं. जणू मला माहीत नव्हतं! पण खरं सांगते, परीक्षेच्या पुस्तिकेनं झाला नव्हता तेवढा उलगडा त्या फोननं झाला.

तर, ती सकाळ. नाव पुकारलं. अधिकारी माझ्याच वयाचा असेल, टेबलावर मुलांचे फोटो. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ, मग फॉर्मातले सगळे प्रश्न पुन्हा एकदा. दारुडे? नाही. नाझी? नाही. मग शंभरातले प्रश्न.

सरकारची एक शाखा शिरजोर होऊ नये म्हणून काय असतं? सिनेटर किती? राज्यांच्या अखत्यारीतली एक गोष्ट सांगा. मी ड्रायव्हिंग लायसन्स सांगितलं. सुझन बी. अँथनी यांनी काय केलं? स्त्रियांच्या हक्कांसाठी लढल्या. पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांना काय म्हणतात? बिल ऑफ राइट्स. कॅनडाला लागून असलेलं एक राज्य? हसू आवरलं नाही. डेट्रॉइट नदीच्या पलीकडं कॅनडाच आहे, आणि भूगोलाची गंमत म्हणजे या ठिकाणी तो आपल्या दक्षिणेला येतो. मिशिगन, म्हटलं. सहापैकी सहा. तो थांबला. सहा झाले की पुढचे विचारतच नाहीत.

टॅबलेटवर एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये राहतात, असं काहीतरी. इंग्रजी येतं हे सिद्ध झालं.

उठताना मी धीर करून विचारलं, स्पीकरचा प्रश्न आला असता तर काय उत्तर द्यायचं होतं? तो मोकळेपणानं हसला. "आज तरी मलाही देता आलं नसतं." दोन दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, माइक जॉन्सन निवडून आले. बावीस दिवसांनी.

शपथविधी जानेवारीत झाला, फेडरल कोर्टात. दारातच ग्रीन कार्ड काढून घेतात. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते कार्ड एका बाईनं खोक्यात टाकलं, त्याचा टप्प असा आवाजही आला. शपथेचे शब्द जुन्या थाटाचे आहेत. कुठल्याही परकीय राजा, सत्ताधीश, राज्य वा सार्वभौम सत्तेशी असलेली निष्ठा मी पूर्णपणे सोडते. राजा म्हटल्यावर सांगलीच्या पटवर्धनांचा वाडा डोळ्यांसमोर आला आणि मला अवेळी हसू फुटायला लागलं. शेजारच्या येमेनी आजी मात्र घळाघळा रडत होत्या. त्यांच्याकडं पाहून माझंही मग सुरू झालं.

न्यायाधीश छान बोलल्या. पण शंभर प्रश्नांत नसलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या माणसाला याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तू कायद्याच्या भाषेत "गोरा" नाहीस, म्हणून तुला नागरिक होता येणार नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश घातलेला माणूस. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ च्या कायद्यानं, आणि त्यातही भारतातून इथं यायला वर्षाला शंभर जणांचाच कोटा. यादीत हा प्रश्न असायला हवा होता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

चौदाव्या दुरुस्तीनुसार, ती १८६८ ची, माणूस दोन ठिकाणचा नागरिक होतो: देशाचा, आणि ज्या राज्यात राहतो त्या राज्याचा. बाबासाहेबांनी त्याच भाषणात हा फरकही सांगितला आहे. तिकडं दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडं एकच. म्हणजे मी त्या दिवशी अमेरिकन झाले तशी मिशिगनकरही झाले. आणि भारताचा कायदा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व चालवून घेत नाही, त्यामुळं भारतीय राहिले नाही. पासपोर्ट जमा करायचा, तो रद्दचा शिक्का मारून परत येतो, मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. त्या कागदी कटकटीवर पाच पानं लिहिता येतील, पण नको.

लागलं ते दुसरंच. सांगलीच्या मतदार यादीत माझं नाव अजून होतं, तेही माहेरच्या आडनावानं. आप्पांनी स्वतः सात नंबरचा फॉर्म भरून ते काढून टाकलं. मी म्हटलं, राहू दे की, कोण बघतंय. "नियम म्हणजे नियम. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं काढली," एवढं म्हणून त्यांनी फोन आईकडं दिला.

कोर्टाच्या बाहेरच टेबल मांडून काही स्वयंसेवक बसले होते. हातात नागरिकत्वाचं प्रमाणपत्र ओलं असतानाच म्हणा ना, मतदार नोंदणी झाली. आप्पांनी विचारलं, निवडणूक आयोगाची माणसं होती का? तर तसा आयोगच इथं नाही. म्हणजे फेडरल इलेक्शन कमिशन नावाचं आहे, पण ते उमेदवारांच्या पैशांचे हिशेब बघतं. निवडणूक घेतात ती राज्यं. मिशिगनात ती घेतात गावोगावचे क्लार्क, संख्येनं दीड हजारांहून अधिक. आमच्या फार्मिंग्टन हिल्समध्ये मतपत्रिका पाठवणारी, यादी ठेवणारी, केंद्रं लावणारी व्यक्ती म्हणजे सिटी क्लार्क. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक म्हणजे अशा हजारो छोट्या निवडणुकांची गोधडी. आप्पा एकदम खूश झाले. "म्हणजे ग्रामसेवकच घेतो की इलेक्शन!"

आमच्या काँग्रेस प्रतिनिधी हेली स्टीव्हन्स. पण आप्पांना जास्त रस शेजारच्या मतदारसंघात. डेट्रॉइट शहराच्या बऱ्याच भागाचे प्रतिनिधी २०२३ पासून श्री ठाणेदार आहेत, बेळगावात वाढलेले. "त्यांच्या वॉर्डात घर घ्यायचं होतंस," हे मी अजून ऐकते.

माझं पहिलं मत मात्र फसलं. फेब्रुवारीतली राष्ट्राध्यक्षपदाची प्राथमिक फेरी मी टाळली, कारण तिथं आपल्याला कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी हे लिहून द्यावं लागतं आणि ती नोंद कुणालाही बघता येते. माझ्या सांगलीच्या संस्कारांत मत कुणाला हे नवऱ्यालाही सांगत नाहीत. (त्या फेरीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतपत्रिकेवर "अनकमिटेड" असा पर्याय होता आणि गाझाच्या युद्धावर नाराज असलेल्या लाखाहून जास्त मिशिगनकरांनी तो निवडला. आपल्या नोटासारखंच, फक्त याची दखल थेट व्हाइट हाउसनं घेतली.)

ऑगस्टची प्राथमिक फेरी वेगळी. ६ ऑगस्ट २०२४, मंगळवार, लेकीच्या जुन्या शाळेचं जिम. कागदी मतपत्रिका, काळं पेन, उमेदवाराच्या नावापुढचा लंबगोल भरायचा. दोन्ही मोठ्या पक्षांचे रकाने शेजारीशेजारी. मी सिनेटसाठी एका पक्षाच्या रकान्यातलं नाव भरलं. खाली शेरीफसाठी, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखासाठी, दुसऱ्या पक्षाचा माणूस बरा वाटला, तिथला लंबगोल भरला. माणूस बघून मत द्यावं, पक्ष बघून नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. कागद मशीनमध्ये सरकवला. मशीननं तो बाहेर ढकलला. पुन्हा सरकवला. पुन्हा बाहेर. मागं सहा जणांची रांग.

केंद्रावरच्या आजोबांनी माझ्या मतांकडं न बघता, मान दुसरीकडं वळवून, हळू आवाजात विचारलं, "दोन्ही रकान्यांत खुणा केल्या का?" केल्या. मग त्यांनी समजावलं. आज तुम्ही कुणाला निवडून देत नाही आहात. आज पक्षाचा उमेदवार ठरतोय. एकाच पक्षाच्या घरात शिरायचं, दोन घरांत पाय ठेवला की त्या भागातली सगळी मतं बाद. त्यांनी माझा कागद बाद म्हणून वेगळ्या लिफाफ्यात ठेवला आणि नवा दिला. भारतात एव्हाना चार पोलिंग एजंटांनी आरडाओरडा केला असता. इथं रांगेतल्या एका बाईनं "पहिल्यांदा? माझंही असंच झालं होतं" म्हटलं, आणि संपलं.

घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हे तर तिकीटवाटप आहे! आपल्याकडं तिकीट मुंबईत ठरतं, दिल्लीत ठरतं, रात्री दोनला एबी फॉर्म येतो, कुणाचं कापलं जातं, कुणी बंडखोरी करतो. इथं तिकीट मतदार देतो. मिशिगनात पक्षाचं सदस्य असण्याचीही गरज नाही, पडद्याआड बसून रकाना निवडा. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "मग पक्षश्रेष्ठी काय करतात?" पैसे गोळा करतात, मी म्हटलं. "ते इथलेपण करतात," आप्पा.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याला तिकीट मतदारानं दिलं तो श्रेष्ठींना कशाला भीक घालेल? ऑक्टोबरातले ते आठ जण स्पीकरला का घाबरले नाहीत, ते मला ऑगस्टात, जिमच्या पार्किंगमध्ये कळलं.

मिशिगन म्हणजे कुंपणावरचं राज्य. २०१६ साली ट्रम्प इथं १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० साली बायडन दीड लाखाच्या वर मतांनी. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे मिळून एकूण ५३८ इलेक्टर, २७० ला बहुमत, त्यातले १५ आमचे: १३ प्रतिनिधी आणि दोन सिनेटर यांच्या संख्येइतके. जो राज्यात एका मतानं पुढं तो सगळे पंधरा घेऊन जातो. त्यामुळं २०२४ च्या सप्टेंबरपासून आमच्या पत्रपेटीत किराणा दुकानाच्या कुपनांपेक्षा उमेदवारांचे चेहरे जास्त. दारावर पोरं यायची. कॅलिफोर्नियातल्या माझ्या मावसबहिणीकडं म्हणे कुणी फिरकलंही नाही.

आणि मग नोव्हेंबरची मतपत्रिका आली हातात. नमुना आठवडाभर आधी क्लार्कच्या वेबसाइटवरून छापून घेतला होता. दोन्ही बाजूंनी भरलेला भलामोठा कागद. मला वाटत होतं, राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधी, फार तर राज्याचा आमदार. हे सगळं पहिल्या वीतभरातच संपलं. पुढं राज्याच्या शिक्षण मंडळावर दोन जण. मिशिगन विद्यापीठाचे दोन रीजंट, मिशिगन स्टेटचे दोन विश्वस्त, वेन स्टेटचे दोन गव्हर्नर. विद्यापीठाची कार्यकारिणी म्हणा ना, आणि तीही आम जनता निवडणार. मग काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, एक्झिक्युटिव्ह, सरकारी वकील, शेरीफ, क्लार्क, खजिनदार. उलट बाजूला न्यायाधीश. हो, न्यायाधीश! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापासून खालपर्यंत. त्यांच्या नावापुढं पक्ष लिहिलेला नसतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारांची नावं मात्र पक्षांच्या अधिवेशनांत ठरतात. या ढोंगाचं समर्थन मला अजून कुणी पटेल असं केलेलं नाही. शेवटी शाळेचं मंडळ.

आणि मध्येच एक पद: वॉटर रिसोर्सेस कमिशनर. हे आमच्या काउंटीचं सोज्वळ नाव. मिशिगनच्या कित्येक काउंट्यांत आजही जुनंच नाव चालतं, ड्रेन कमिशनर.

"म्हणजे काय काम?" आप्पा.

"पावसाचं पाणी, नाले, सांडपाण्याच्या मोठ्या लायनी."

"गटाराला पण इलेक्शन?"

"पक्षाच्या चिन्हावर."

आप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

मी त्यांच्याबरोबर हसले खरी, पण त्या आठवड्यात चार रात्री बसले. नवरा म्हणाला, वरच्या बाजूला एका पक्षापुढं लंबगोल भर, मिशिगनात तशी सोय आहे, सगळी पक्षवाली मतं एका फटक्यात जातात. खरं आहे, पण न्यायाधीश आणि शाळामंडळ तरीही एकेक करून भरावे लागतात, ते विसरून निम्मे लोक कागद न उलटता घरी जातात असं मला केंद्रावरच्या बाईंनी सांगितलं. मला तर गटारवाला कोण हेही बघायचं होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या तळघरात घोट्याएवढं पाणी आलं होतं. तेव्हा मी सिटीला फोन केला, सिटीनं काउंटीला करायला सांगितलं, काउंटीनं म्हटलं तुमच्या रस्त्याखालची लाइन आमची नाही, पुढच्या चौकातली आमची. तेव्हा मला हा टोलवाटोलवीचा आपला देशी प्रकार वाटला होता. नमुना मतपत्रिका समोर ठेवून बसले तेव्हा कळलं, की खरोखरच पाइप वेगवेगळ्या सरकारांचे आहेत, आणि प्रत्येक सरकारला मी वेगळं मत देते. सगळ्यांच्या वर एक "सरकार" नाहीच, ज्याच्या दारात जाऊन बसावं. तक्रार कुठं करायची हे कळायलाच अर्धं नागरिकशास्त्र लागतं.

५ नोव्हेंबरला मत दिलं. ओळखपत्र दाखवलं, कागद भरला, उलटून पुन्हा तपासला. मशीननं या वेळी निमूट गिळला. बोटाला शाई नाही. "मी मत दिलं"चा स्टिकर देतात. त्या वर्षी राज्यानं स्टिकरची स्पर्धा ठेवली होती, त्यात एका शाळकरी मुलीचं शर्ट फाडणाऱ्या लांडगामाणसाचं चित्र फार गाजलं. माझ्या लेकीला तोच हवा होता. आमच्या केंद्रावर साधाच होता, म्हणून ती माझ्यावर रुसली.

निकालात एक गंमत झाली. मिशिगननं ट्रम्प यांना सुमारे ८० हजारांच्या आघाडीनं निवडलं आणि त्याच कागदावर, दोन ओळी खाली, सिनेटसाठी विरुद्ध पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन यांना सुमारे १९ हजारांनी. म्हणजे माझ्यासारखी माणूस बघून मत देणारी मंडळी बरीच असावीत. नोव्हेंबरात दोन घरांत पाय ठेवलेला चालतो.

पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. आप्पा सकाळी सातलाच जाऊन आले आणि शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी फोन केला.

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं. एक मशीन, एक बटण. तुझ्यासारखा अभ्यास न्हाई करावा लागत."

मग थोडं थांबून म्हणाले, "जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसलाय. पंचायत समितीवर पण. महापालिकेची मुदत संपून वर्ष झालं. नाला तुंबला तर कुणाला विचारायचं, सांग." आणि मी काही बोलायच्या आत, "तुझा तो गटारवाला आला का निवडून?"

आला, म्हटलं.

"त्याचा नंबर घेऊन ठेव," आप्पा म्हणाले. "पावसाळ्यात लागतो."